ताई, आधी पाणी कुठे साठतं ते बघा, मग लायनर

प्रश्न: माझी रोपवाटिका आहे आणि नुकतीच नवीन पिकअप घेतलीय. हौदा अजून आणला तसाच आहे, एक चरा नाही. रोजचं सामान म्हणजे कुंड्या, ओली माती, खताच्या गोण्या, पाण्याचे ड्रम आणि गवत कापायच्या मशीनसाठी पेट्रोलचा कॅन. सुट्टीच्या दिवशी गाडी भाऊ नेतो, त्याचं फॅब्रिकेशनचं काम आहे, त्यामुळे लोखंडी अँगल, पाइप, ग्राइंडर वगैरे. तो म्हणतो हौद्याला प्लास्टिकचा रेडीमेड लायनर, म्हणजे आतून अस्तर, टाक, लगेच बसतो. ओळखीचा पेंटर म्हणतो स्प्रे मारून घ्या, कायमची कटकट मिटेल. मिस्टर म्हणतात रबराची मॅट आण आणि विषय संपव. ऑनलाइन वाचलं तर डोकं अजूनच फिरलं. घरी रोलरने लावायचं किट पण मिळतं म्हणे, ते मी स्वतः लावलं तर चालेल का? नक्की काय करू? नाव छापू नका, भाऊ हे सदर वाचतो.

उत्तर:

नाव नाही छापत ताई. पण एवढ्या तपशिलावरून भाऊ ओळखणारच हे धरून चाला, म्हणून त्याच्यासाठी पण खाली दोनतीन गोष्टी मुद्दाम लिहिल्यात, त्याने वाचल्या तर बरंच.

मला विचाराल तर तिघांचंही बरोबर आहे, फक्त तिघं तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर औषध सांगतायत. भाऊ लोखंड टाकतो म्हणून त्याला पोचे दिसतात, पेंटरकडे गाड्या गंजल्यावरच येतात म्हणून त्याला गंज दिसतो, आणि मिस्टरांना खर्च दिसतो, जो घरात कुणीतरी बघायलाच लागतो. पण तुमच्या सामानाची यादी वाचली आणि माझ्या डोळ्यात भरलं ते हे की त्यातलं जवळपास सगळंच ओलं आहे. कुंड्या पाणी घालून चढवणार, माती ओली, ड्रम हिंदकळणार आणि त्यात एखादी गोणी फाटून खत सांडणार. तुमच्या हौद्याला आठवड्यातले बहुतेक दिवस माराची भीती नाहीच, भीती आहे ती पाण्याची आणि त्या पाण्यात विरघळलेल्या खताची. त्यामुळे कुठलाही लायनर समोर आला की पहिला प्रश्न हा विचारा की ह्याच्या खाली पाणी गेलं तर ते बाहेर कुठून येणार, आणि नाही आलं तर मला कळणार कसं.

खताला हलक्यात घेऊ नका. पोटॅश म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि क्लोराइड म्हटलं की समुद्राकाठच्या गाड्यांचं लोखंड खाणारं तेच. अमोनियमवाली खतं पण पत्र्याची काही मित्र नव्हेत. गोणीत कोरडी आहेत तोवर गप पडून राहतात, पण ही खतं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्याचं खारट पाणी होतं आणि ते पाणी रंगाला पडलेल्या केसाएवढ्या चऱ्यातून एकदा पत्र्याला लागलं की गंज रंगाच्या खालून खालून सरकत जातो, वरून तुम्हाला फक्त बारीकसा फुगा दिसतो, नखाने टोकरला की खाली तांबडी भुकटी.

आता भावाचा प्लास्टिक लायनर. ह्याला ड्रॉप-इन म्हणतात. एचडीपीई प्लास्टिकची जाड शीट गरम करून साच्यावर ओढून हौद्याचा आकार दिलेला असतो, तुमचे पाण्याचे ड्रम बहुधा ह्याच जातीच्या प्लास्टिकचे असतील. मार झेलायला हा एक नंबर आहे, त्यात वाद नाही. वरून अँगल पडला तर प्लास्टिक थोडं दबतं, मार पसरतो आणि खालच्या पत्र्याला पोचा येत नाही किंवा कमी येतो. खताचं, मातीचं त्याला काही वाटत नाही, पाइप लावून धुतला की स्वच्छ. ह्यात दोन प्रकार येतात, एक हौद्याच्या कठड्यावरून बाहेर दुमडणारा आणि दुसरा कठड्याच्या आतच संपणारा. पुढेमागे ताडपत्रीची फ्रेम किंवा झाकण बसवायचं असेल तर आतला घ्यावा लागतो, पण मग कठड्याची वरची कड उघडी राहते, आणि कुंड्या उतरवताना माणसं नेमकी तिथेच कुंडी टेकवून दम घेतात.

पण हा लायनर पत्र्याला कुठेही चिकटलेला नसतो, तिथेच सगळी मेख आहे. गाडी चालू असताना तो थरथरत राहतो, कडेने बारीक वाळू आणि माती आत शिरते आणि मग प्लास्टिक, वाळू आणि रंग असं तिघांचं घासणं सुरू होतं, चोवीस तास पॉलिश पेपर चालवल्यासारखं. जुन्या पिकअपचा असा लायनर काढताना कधी बघायला मिळालं तर जरूर थांबून बघा. पहिली गोष्ट म्हणजे तो सहजासहजी निघत नाही, कोपऱ्यात माती चिकटून घट्ट झालेली असते, दोघांनी धरून हिसका दिला की कराकरा आवाज करत सुटतो. खाली ओल्या चिखलाचा थर, बाहेर कडक ऊन असलं तरी हा ओलाच, कारण वाळायला त्याला हवाच मिळालेली नसते. तो चिखल धुतला की पत्र्यावर लायनरच्या पन्हळींची हुबेहूब नक्षी उमटलेली दिसते, जिथे प्लास्टिक टेकत होतं तिथे रंग घासून पातळ झालेला, त्याच्या शेजारी तांबूस पट्टे, आणि चाकाच्या फुगवट्याच्या बुडाशी, पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यात तर पत्रा कागदासारखा. आणि हातात धरलेला लायनर मात्र वरून ठणठणीत! मालकाला वाटत होतं हौदा जपलाय.

म्हणजे ड्रॉप-इन वाईट असं मी म्हणत नाही. ज्याची गाडी आधीच चऱ्याचऱ्यांची आहे, ज्यात रोज विटा, भंगार, दगड असा कोरडा आणि टोकदार माल जातो, त्याच्यासाठी हाच बरा आणि मी त्याला दुसरं काही सुचवणारही नाही. पण तुमच्या ओल्या मालाला हा माझा शेवटचा पर्याय. अजून एक, तो गुळगुळीत असतो, ब्रेक दाबला की कुंड्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे. भावाने हट्ट केलाच आणि बसवायची वेळ आलीच तर दोन अटी घाला. स्क्रू मारायला पत्र्याला भोकं पाडायची असतील तर प्रत्येक भोकाच्या कच्च्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय स्क्रू जाणार नाही, आणि वर्षातून दोनदा तरी लायनर पूर्ण बाहेर काढून खालचा हौदा धुवून कडक वाळवायचा. दुसरी अट कुणी पाळत नाही हे मला माहितीये, म्हणूनच नको म्हणतोय.

पेंटरचा स्प्रे. हे काम वाटतं तसं साध्या रंगाच्या गनने होत नाही, निदान चांगलं तरी होत नाही. दोन टाक्या असतात, एकीत आयसोसायनेट आणि दुसरीत रेझिन, दोन्ही साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून जबरदस्त प्रेशरने गनपर्यंत आणतात, गनच्या तोंडाशी ती एकमेकांत मिसळतात आणि पत्र्यावर पडल्या पडल्या घट्ट व्हायला लागतात. कोट पॉलियुरिया जातीचा असेल तर अक्षरशः काही सेकंदांत, पॉलियुरेथेन जरा सावकाश, आणि दोन्हींची सरमिसळ असलेले हायब्रिड पण असतात. तयार होतं ते रबर आणि प्लास्टिकच्या मधलं, खरखरीत, सांधा नसलेलं एकच्या एक कातडं, जे रंगाला घट्ट धरून बसतं. खाली फटच नाही, मग पाणी शिरणार कुठून. ओल्या मालासाठी मला हे आवडतं ते ह्याच एका कारणासाठी, बाकी जाहिरातीत काय काय लिहितात ते सोडून द्या.

पण धरून बसतं हे सगळं खालच्या तयारीवर आहे. प्रत्यक्ष स्प्रे मारायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो आधीच्या घासण्यात. शोरूमच्या रंगाची चमक पूर्ण मारावी लागते, पन्हळीच्या खोबणीत, कोपऱ्यात, हुकांच्या मागे, सगळीकडे, आणि मग धूळ उडवून सॉल्व्हंटने पुसून तेलकटपणा काढायचा. जिथे चमक राहिली तिथे कोट नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो, आणि पुढे कधीतरी तिथूनच सालीसारखा उचलायला लागतो, मग तुमची गत ड्रॉप-इनहून वाईट कारण आता त्या सालीखाली अडकलेलं पाणी काढायला लायनर उचलताही येत नाही. म्हणून दुकान निवडताना चकचकीत फोटो बघत बसू नका. चालू काम बघायला जा. स्प्रेच्या आधीचा, घासून झालेला हौदा दाखवा म्हणा. सगळीकडे सारखा मंद, दुधी दिसला तर माणूस कामाचा, खोबणीतून चमक डोकावत असेल तर नमस्कार करून परत या.

ओलाव्याचं पण विचारा. आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कोटमध्ये सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, भोकं राहतात. सकाळी गाडी धुतली आणि दुपारी घाईघाईत स्प्रे मारला असं नको, पत्र्याच्या जोडात लपलेलं पाणी हवेने उडवून काढायला हवं. गाडी नवी आहे हा तुमचा फायदाच आहे, कंपनीचा रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो त्यामुळे थांबायची गरज नाही. मधल्या काळात कुठे ठोकून बाहेर रंग मारून घेतला असेल तर तो पूर्ण वाळू द्या, ताज्या रंगावर कोट मारला तर रंगासकट निघून येतो.

जाडी विचाराल तर तळाला ३ मिलिमीटरच्या आसपास मागा, बाजूंना २ चालेल. सगळा मिळून वजनात फरक वीसेक किलोचा, फार नाही. आणि रंग उडण्याचं म्हणाल तर साधा काळा कोट, ज्याला ॲरोमॅटिक म्हणतात, तो उन्हात राखाडी, खडूसारखा पडतो. मजबुतीला त्याने फारसा फरक पडत नाही पण दिसायला गाडी म्हातारी दिसते. ॲलिफॅटिक नावाचा प्रकार उन्हात टिकतो, त्याचा वरून पातळ थर देतात, पैसे जास्त पडतात. माल वाहायच्या गाडीला मी तरी तो खर्च करणार नाही, गाडीच्या रंगाशी मॅचिंग हौदा हवा असेल तर गोष्ट वेगळी.

स्प्रेचे तोटे पेंटर सांगणार नाही म्हणून मी सांगतो. एक तर हा कायमचा, आवडला नाही म्हणून काढू म्हटलं तर ग्राइंडर घेऊन बसावं लागतं आणि रंगही जातो. दुसरं म्हणजे खरखरीत असल्याने मातीचं शेवटचं पाणी त्यात अडकतं, धुवायला गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा जास्त वेळ, आणि हौद्यात गुडघे टेकून काम केलंत तर गुडघे सोलवटतील. तिसरं भावाशी संबंधित आहे. ३ मिलिमीटरचं कातडं चऱ्यापासून वाचवतं, पोच्यापासून नाही. तीन मीटरचा अँगल टोकावर पडला तर पत्रा आत जाणारच, कोट त्याच्याबरोबर आत जाईल, बहुधा फाटणार नाही, गंजणार नाही, पण पोचा राहील.

आता भावासाठी. हौद्याला हुक, शिडीची फ्रेम, पाइपचं स्टँड असं जे काही वेल्डिंग करायचं असेल ते स्प्रेच्या आधी. नंतर अजिबात नाही. हा कोट जळला की त्यातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड असले वायू असतात, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. आणि वेल्डिंगची उष्णता पत्र्यातून पसरते त्यामुळे मागच्या बाजूने वेल्डिंग केलं म्हणून सुटका होत नाही. तेव्हा भाऊराव, काय काय लागणार आहे ह्याची यादी आत्ताच करा आणि एकदाच काय ते जोडून घ्या. आणि नुकताच वेल्ड केलेला गरम जॉब हौद्यात टाकू नका, एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि कापलेला, तापलेला अँगल त्याच्या कितीतरी वर असतो, स्प्रेच्या कोटवर पण त्याचा डाग राहतोच. हौद्यातच ग्राइंडर चालवायची सवय असेल तर ती पण सोडा.

त्याच्याच मनात कधीतरी येईल (फॅब्रिकेशनवाल्यांच्या येतंच) की लायनर वगैरे कशाला, ३ मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा कापून तळाला ठोकून टाकू. हिशोब करून बघा, हौदा अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला तर नुसत्या त्या पत्र्याचं वजन नव्वद किलोच्या आसपास जातं. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा हौद्यात बसवून फिरायचं, तेवढा माल कमी, आणि वर दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी अडकून गंज तो वेगळाच. नको.

रोलरचं किट. चालेल का, तर चालेल, पण कशाला लावताय त्यावर आहे. ह्या किटमधलं बरंचसं एकाच डब्यातलं पॉलियुरेथेन असतं, रबराचे कण घातलेलं, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. दोन हात मारूनही जाडी मिलिमीटरच्या आत राहते. बाजूच्या भिंतींना, कठड्याच्या कडेला, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, आतल्या बाजूला हे छान काम करतं, आणि कुठे निघालं तर त्याच डब्यातलं परत लावता येतं, ही सोय स्प्रेला नाही. तळाला रोज फावडं घासणार असाल तर मात्र लवकर उडेल. घासायची मेहनत इथेही तेवढीच, त्यात काटकसर केलीत तर पैसे पाण्यात.

ह्यात एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. दोन भाग मिसळून गनने मारायचं किट घरी अजिबात नको, कितीही व्हिडिओ बघितले असले तरी. आयसोसायनेटचा फवारा श्वासात गेला की काही लोकांना त्याची कायमची ॲलर्जी बसते, दमा सुरू होतो, आणि एकदा ती बसली की पुढे अगदी थोडा वास आला तरी छाती आवळते. धुळीचा साधा मास्क ह्याला काहीच करत नाही. चांगल्या दुकानातली माणसं बाहेरून पाइपने ताजी हवा येणारा मास्क घालतात ते उगाच नाही. ज्या दुकानात स्प्रे मारणारा तोंडाला फडकं बांधून उभा दिसेल तिथे गाडी देऊ नका, जो स्वतःच्या फुप्फुसांची पर्वा करत नाही तो तुमच्या पन्हळी कशाला घासतोय. रोलरचं काम फवारा उडत नसल्याने कमी धोक्याचं, पण उघड्यावर सावलीत, हातमोजे घालून, पोरं लांब ठेवून करा. हाताला लागलं तर ते साबणाने जात नाही, कातडीबरोबर झडायची वाट बघावी लागते.

मिस्टरांची मॅट. ह्या माणसाला घरात कमी लेखताय असं वाटतंय मला. जाड रबराची मॅट ही एकच गोष्ट अशी आहे की जी माल सरकू देत नाही, पोचा पण अडवते आणि नको तेव्हा गुंडाळून काढता येते. १० मिलिमीटरची मॅट वरच्याच मापाच्या हौद्याला ४० किलोच्या वर भरते, त्यामुळे काढता येते म्हणजे दोघांनी, एकट्याने कंबर धराल. खालच्या बाजूला गुठळ्या किंवा नाल्या असलेलीच घ्या, म्हणजे खाली गेलेलं पाणी वाहतं राहतं, सपाट पाठीची मॅट पत्र्याला ओल्या कपड्यासारखी चिकटते. काही जण जुना कन्व्हेयर बेल्ट कापून टाकतात, मारासाठी तो जबरदस्त आहे पण त्याच्या आत कापडाचे थर असतात आणि कापलेल्या कडेतून ते कापड पाणी पीत बसतं, तुमच्या कामाला नको. साध्या रबरावर पेट्रोल, ऑइल सांडलं की ते फुगतं, मऊ पडतं, तेवढं लगेच पुसत जा. आणि मॅट बाजू झाकत नाही, नुसता तळ.

फक्त मॅट, बाकी उघडा रंग, असं तुमच्या कामाला पुरणार नाही, कारण खताचं पाणी मॅटच्या कडेने खाली जाणारच आणि रोज रात्री मॅट उचलून ठेवणार आहात का, नाही. म्हणून माझं मत असं आहे की स्प्रे आत्ताच मारून घ्या, हौदा कोरा आहे तोवर, कारण गंज सुरू झाल्यावर मारलेला कोट गंज झाकतो, थांबवत नाही. आणि त्याच्यावर मोकळी मॅट. स्प्रे पाण्याचं बघेल, मॅट भावाच्या लोखंडाचं बघेल, आणि मॅटच्या खाली ओल राहिली तरी खाली उघडा पत्रा नसल्याने मला झोप लागेल. दोन्ही खर्च एकदम झेपत नसतील तर स्प्रे आधी, आणि मॅट येईपर्यंत भावाला जाड प्लायवूडचा एक तुकडा टाकायला सांगा, काम झालं की तो त्याने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये परत न्यायचा. ओलं प्लायवूड हौद्यात पडून राहिलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

हे सगळं स्टीलच्या हौद्याबद्दल चाललंय, तुमचा स्टीलचाच आहे असं धरलंय, लोहचुंबक लावून बघा. बाकी वाचकांसाठी सांगतो, काही गाड्यांचा हौदा ॲल्युमिनियमचा असतो, फोर्डच्या एफ-१५० चा २०१५ च्या मॉडेलपासून आहे, तो लाल गंजत नाही पण त्याला पोचे लवकर पडतात, तिथे मॅटचं महत्त्व जास्त. टोयोटाच्या टॅकोमाला २००५ पासून कंपोझिटचा, म्हणजे तंतू घातलेल्या प्लास्टिकचा, हौदा आहे, त्याला गंजासाठी स्प्रे मारणं म्हणजे छत्री घेऊन पोहायला जाणं.

पेट्रोलच्या कॅनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मला ते वाचून काळजी वाटली. लायनर असलेल्या हौद्यात कॅन ठेवून पंपावर तो तिथेच भरायचा नाही, कधीच नाही. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, कॅन जमिनीवर असेल तर ती जमिनीत निघून जाते, पण खाली प्लास्टिक, रबर किंवा स्प्रेचा कोट असेल तर तिला जायला वाट नाही, ती कॅनवर साठते आणि नोझल जवळ आलं की ठिणगी. ठिणगी पडते ती नेमकी वाफा असतात तिथे. अमेरिकेतल्या नायॉश ह्या सरकारी संस्थेने अशा आगींवरून १९९८ मध्येच इशारा काढला होता, पिकअपमधल्या प्लास्टिक लायनरचं नाव घेऊन. कॅन खाली उतरवा, जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं ठेवून सावकाश भरा, झाकण लावा, मग वर चढवा. गड्यांनाही हे नीट सांगून ठेवा, कारण भरायला बहुधा तेच जात असणार.

गाडी दुकानात द्यायच्या आधी एक काम घरीच करा. गाडी सपाट जागी उभी करून हौद्यात बादलीभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा ते कुठल्या भोकांतून गळतं, किती वेळ लागतो, कुठल्या कोपऱ्यात थबकतं. मग गाडीचं तोंड जरा चढाकडे करून परत, आणि उताराकडे करून अजून एकदा. फोनवर फोटो काढून ठेवा. स्प्रे झाल्यावर गाडी ताब्यात घेताना त्याच दुकानाच्या दारात हेच परत करा. निचऱ्याची भोकं कोटने बुजवून ठेवणं ही ह्या धंद्यातली सगळ्यात कॉमन चूक आहे आणि घरी आल्यावर सांगितलं तर मग फोन उचलत नाहीत. बोल्टची डोकी टेप लावून झाकली होती का तेही बघा, नाहीतर पुढे हौदा उतरवायची वेळ आली की पाना बसणार नाही. माल बांधायचे हुक मोकळे फिरतात का ते बोटाने फिरवून बघा.

आणि फाळका. तो उघडताना बिजागरीपाशी जी फट पडते तिथे माती सगळ्यात जास्त शिरते, कोट त्या फटीच्या दोन्ही ओठांवरून आत वळलेला हवा, कडेपाशी कापून सोडलेला नको. मॅट त्या फटीच्या अलीकडेच संपली पाहिजे, वरून गेली तर फाळका बंद होताना चेपेल आणि लॉक ताणलं जाईल. फाळक्यात कॅमेरा किंवा सेन्सर असेल तर टेप काढल्यावर तो चालतोय ना हे दुकानदारासमोरच रिव्हर्स टाकून बघा. कोट किती वेळाने ओला करायचा आणि किती वेळाने जड माल टाकायचा हे ज्याने मारला त्याच्याकडून लिहून घ्या, प्रत्येक मटेरियलचं वेगळं असतं, आणि तेवढे दिवस भावाला गाडी देऊ नका.